क्लाउड पीसी अमेरिकेतून पुण्यात हलवले: विंडोज ३६५ च्या रीजन मूव्हचा रिव्ह्यू

कंपनीने क्लाउड पीसी (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणारा, तुमच्या स्क्रीनवर फक्त दिसणारा विंडोज डेस्कटॉप) दिलाय, तो अमेरिकेतल्या कुठल्यातरी रीजनमध्ये म्हणजे डेटासेंटरच्या ठिकाणी आहे आणि तुम्ही कोथरूडला नाहीतर पिंपळे सौदागरला बसून एक्सेलमध्ये आकडा टाकून तो उमटायची वाट बघताय, असं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या आयटीवाल्याला पाठवा. मी तोच आयटीवाला आहे, आमच्या ऑफिसचा. अमेरिकन क्लायंट्सचं बॅक ऑफिस करणारी कंपनी, बुककीपिंग, पेरोल, टॅक्स असलं सगळं, आणि सगळ्यांना विंडोज ३६५ एंटरप्राइझचे क्लाउड पीसी, जे सुरुवातीला तिकडच्या हेड ऑफिसने सेटअप केले म्हणून ईस्ट यूएसमध्ये म्हणजे व्हर्जिनियात. आता त्यातले बरेचसे सेंट्रल इंडियात आणलेत. निकाल आधीच सांगतो, मूव्हचं बटन चांगलं आहे, सांगितलेलं काम करतं, पाचपैकी चार. एक मार्क कापलाय तो का ते पुढे येईल, पण खरं डोकं बटन दाबायच्या आधी लावावं लागतं आणि त्यातलं बरंचसं कुणी नीट सांगत नाही म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी हलवायचं कशाला ते. पुणे ते व्हर्जिनिया सरळ रेषेत साधारण १३,००० किमी. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन येऊन १३० मिलीसेकंद तर गेलेच, त्यात कोणाचाच इलाज नाही, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, मध्ये राउटर असतात, घरचं वायफाय असतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या पुढेच आकडा दिसतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः अ‍ॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी (मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडवरचा असाच दुसरा डेस्कटॉप) १५० मिलीसेकंदांच्या आत राहा म्हणते. घरी ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं म्हणून यात काडीचा फरक पडत नाही, हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की आता लोकच एकमेकांना सांगतात. स्पीड वेगळा, अंतर वेगळं.

आणि गंमत म्हणजे अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, २०१५ पासून. (चेन्नई साउथ इंडिया, मुंबई वेस्ट इंडिया.) म्हणजे आमची माणसं पुण्यात, डेटासेंटर पुण्यात, आणि आम्ही रोज व्हर्जिनियाला जाऊन परत येत होतो.

इथपर्यंत वाचून लगेच मूव्ह करायला जाऊ नका. क्लाउड पीसीला दोन शेजारी असतात, एक तो वापरणारा माणूस आणि दुसरा तो ज्या डेटावर काम करतो तो सर्व्हर. डेस्कटॉप माणसाजवळ आणला की तो डेटापासून लांब जातो. आमच्या बुककीपिंगवाल्यांचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये आणि वनड्राइव्हवर, त्यांना डेस्कटॉप पुण्यात आल्याचा निव्वळ फायदा. पण पेरोलमधले काही लोक क्लायंटच्या व्हर्जिनियातल्या फाइल सर्व्हरवरची डेटाबेस फाइल शेअर्ड ड्राइव्हवरून उघडतात, त्यांचा क्लाउड पीसी पुण्यात आणला तर माउस लोण्यासारखा चालेल आणि फाइल उघडायला चहा पिऊन यावं लागेल, कारण विंडोजचं फाइल शेअरिंग एका फाइलसाठी सर्व्हरशी बऱ्याच फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीला ते दोनशे मिलीसेकंद. आधी निदान फक्त चित्र लांबून येत होतं, फाइल तरी शेजारच्या खोलीत होती. म्हणून या लोकांना हात लावला नाही. त्यांनी विचारलं, आमच्यावर अन्याय का. टेस्टसाठी हलवलेल्या एका मशीनवर तीच फाइल उघडून दाखवली, मग कुणी परत विचारलं नाही.

टॅक्सवाल्यांचं वेगळंच. सगळ्यात जास्त तक्रार त्यांची, सीझनमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल रात्री उशिरापर्यंत टायपिंग, आणि नेमके तेच हलवता आले नाहीत. अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्यात ७२१६ नावाचं कलम आहे, करदात्याची रिटर्नची माहिती देशाबाहेरच्या प्रिपेअररला म्हणजे रिटर्न तयार करणाऱ्याला द्यायची तर त्याची लेखी संमती लागते. आमच्याकडे संमती घेतलेली असते, पण काही क्लायंट्सच्या करारात त्याउपर लिहिलंय की डेटा साठवला जाईल तो अमेरिकेतच. पुण्यातून स्क्रीनवर बघणं वेगळं आणि ज्या डिस्कवर फाइल पडलीय ती डिस्कच पुण्यात आणणं वेगळं. मूव्ह केलं की डिस्क इकडे येते. तेव्हा हे आयटीचं काम आहे असं समजून परस्पर करू नका, करार बघणाऱ्या माणसाला आधी विचारा, आमच्याकडे ते बघणाऱ्या मॅडमनी एका ओळीच्या मेलमध्ये विषय संपवला. उलट दिशेनेही असतं, पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१८ चा आहे, त्या धंद्यातल्या लोकांना तो साठवायचा तर इथेच. २०२३ च्या डेटा कायद्यात मात्र सगळं भारतातच ठेवा असं सरसकट नाहीये, सरकार ज्या देशांवर बंदी घालेल तिकडे पाठवायचं नाही असा प्रकार आहे, तो कायदा दाखवून कोणी घाबरवत असेल तर आधी कलम विचारा.

आता प्रत्यक्ष मूव्ह. इंट्यूनमध्ये (मायक्रोसॉफ्टचं मशीन सांभाळायचं अ‍ॅडमिन पोर्टल) जायचं, प्रोव्हिजनिंग पॉलिसी म्हणजे क्लाउड पीसी कुठे आणि कसे बनायचे ते ठरवणारी सेटिंग उघडायची, त्यात रीजन बदलायचं आणि सेव्ह करायचं. इथे बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात काहीच झालं नाही. कसं होईल, पॉलिसी बदलली तरी आधीचे क्लाउड पीसी जागेवरच राहतात, फक्त नवीन बनणारे नव्या रीजनमध्ये बनतात. जुन्यांसाठी त्याच पॉलिसीवर 'अप्लाय धिस कॉन्फिगरेशन' करून रीजन किंवा नेटवर्कचा पर्याय निवडावा लागतो, सगळ्यांसाठी किंवा निवडक मशीनसाठी. निवडक मशीनचा पर्याय आल्यामुळेच माझ्या मते हे फीचर वापरण्यालायक झालंय, नाहीतर आमच्यासारखी मिक्स टीम असणाऱ्याने करायचं काय. आमचा एक जण न्यू जर्सीत असतो, मूळचा सांगलीचा, पॉलिसी तीच, त्याचा डेस्कटॉप उगाच पुण्यात आणून ठेवला असता तर त्याने मला व्हिडिओ कॉलवर ओवी ऐकवली असती.

मूव्ह म्हणजे आत काय होतं तर क्लाउड पीसीचा आधी बॅकअप घेतला जातो, मशीन बंद होतं, नव्या रीजनमध्ये त्या बॅकअपवरून परत उभं राहतं. तुमच्या फाइल्स, इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम, डेस्कटॉपवरचा तो पसारा, सगळं जसंच्या तसं. रीप्रोव्हिजन नावाचं शेजारी दुसरं बटन असतं, त्याच्याशी याची गल्लत करू नका, ते सगळं पुसून कोरं मशीन देतं. मूव्ह म्हणजे सामानासकट घर हलवणं, रीप्रोव्हिजन म्हणजे नव्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली. आणखी एक, टीम वेगळी करायची म्हणून गडबडीत कोणाचं नाव ग्रुपमधून काढू नका, पॉलिसी सुटली की क्लाउड पीसी ग्रेस पीरियडमध्ये जातो आणि सात दिवसांनी उडतो.

किती वेळ लागतो? काही तास. नेमके किती ते आधी कळत नाही आणि माझा कापलेला मार्क इथलाच आहे. तेवढा वेळ मशीन बंद म्हणजे बंद, मायक्रोसॉफ्टही वीकेंडला करा असंच सांगते. पण वीकेंड कुणाचा? आमची शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे संपते आणि काही लोक शनिवारी दुपारपर्यंत उरलंसुरलं उरकत असतात. आम्ही गणपतीतला शनिवार पकडला, अर्धं ऑफिस कोकणात, राहिलेले आरतीच्या गडबडीत. दुपारी सुरू केलं, रात्री जेवणं होईपर्यंत जवळपास सगळे झाले होते, थोडे उरले ते सकाळी उठून बघितले तर तयार. इंट्यूनमध्ये क्लाउड पीसी अ‍ॅक्शन्सचा रिपोर्ट आहे, त्यात कोण कुठल्या टप्प्यावर आहे दिसतं, दर दोन मिनिटांनी रीफ्रेश करायची गरज नाही. बॅकअप सुरू होताना माणूस लॉगिन असला तरी बॅकअप सुरू होतो, पण नंतर मशीन बंद होतंच, त्यामुळे सेव्ह करून साइन आउट करा हे आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मेलवर आणि पुन्हा तोंडी सांगायचं. मेल कोणी वाचत नाही.

आणि पहिल्याच फटक्यात सगळे नका हलवू. आधी स्वतःचं मशीन, मग ज्याला आठवडाभर नखरे सहन होतील असा एखादा मित्र, मग एखादी छोटी टीम.

सोमवारी संध्याकाळी शिफ्ट सुरू झाली. अकाउंट्सच्या एक ताई आहेत, त्यांनी लॉगिन केलं, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "सर, हे माझंच मशीन आहे ना? नाही, टाकलं की लगेच उमटतंय म्हणून विचारलं." विंडोज अ‍ॅपमध्ये वरच्या पट्टीत कनेक्शनची माहिती बघता येते, तिथे दोनशेच्या वरचा राउंड ट्रिप (जाऊन यायला लागणारे मिलीसेकंद) आता वीस-पंचवीस दाखवतो, ऑफिसमधून त्याहून कमी. स्क्रोलिंग, ड्रॅग, मोठ्या शीटमध्ये सेल पकडून खाली ओढणं, या गोष्टींत जो फरक पडतो तो आकड्यात सांगून कळत नाही. गणपतीला गावी गेलेला एक जण देवरुखवरून मोबाइल हॉटस्पॉटवर काम करत होता, त्याचा आकडा वर-खाली होतो पण आधीपेक्षा कितीतरी बरा. टीम्सच्या कॉलमध्ये मात्र कोणाला फारसा फरक जाणवला नाही आणि त्यात नवल नाही, टीम्सचं ऑप्टिमायझेशन चालू असेल तर आवाज आणि व्हिडिओ तुमच्या समोरच्या लॅपटॉपवरूनच थेट जातो, क्लाउड पीसीला वळसा घालून येत नाही.

मेलबॉक्स आणि वनड्राइव्ह मूव्ह होत नाहीत हेही सांगून ठेवा. ते टेनंटचं म्हणजे कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचं जे ठिकाण असेल तिथेच राहतात, आमचे अजून अमेरिकेतच आहेत. सिंक होणाऱ्या फाइल्स डिस्कवर असल्यामुळे रोजच्या कामात कळत नाही, पण कुणी मोठं फोल्डर नव्याने सिंकला लावलं की थोडं थांबावं लागतं.

आता डोकेदुखी. पहिली आयपी, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता. रीजन बदललं की क्लाउड पीसीचा बाहेर दिसणारा आयपी बदलतो आणि जगाला तुम्ही भारतातून येताय असं दिसायला लागतं. आधी आमच्या लोकांना ब्राउझर उघडला की व्हर्जिनियाचं हवामान दिसायचं, आता पुण्याचा पाऊस दिसतो, ते ठीक. पण एका क्लायंटचं पोर्टल अमेरिकेबाहेरचा आयपी दिसला की दारच उघडत नाही, आणि त्यांना आम्ही मूव्हच्या कितीतरी आधी लिहून कळवलं होतं, उत्तर आलं नोटेड, आणि सोमवारी रात्री सगळी टीम बाहेर उभी. त्यांच्या आयटीने नवीन आयपी टाकायला दोन रात्री घेतल्या. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या ओळखीला बांधलेलं होतं, खालचं हार्डवेअर बदलल्यावर त्याला वाटलं कोणी चोरून कॉपी केली, परत अ‍ॅक्टिव्हेट करा, आणि त्यांचा सपोर्ट आपल्या रात्री साडेआठला उघडतो. तेव्हा मूव्हच्या आधी एक यादी करा, कुठल्या कुठल्या साइटने, बँकेने, क्लायंटच्या फायरवॉलने तुमचा आयपी व्हाइटलिस्ट केलाय, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकलाय. ही यादी कुठल्याच कंपनीत तयार नसते, लोकांना विचारत फिरावं लागतं.

स्वतःच्या घरातली व्हाइटलिस्टही बघा. एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) कंडिशनल अ‍ॅक्सेसची पॉलिसी मेल वगैरेसाठी अमेरिकेबाहेरून लॉगिन बंद अशी लावलेली असेल तर क्लाउड पीसी पुण्यात आल्यावर त्याच्या आतून आउटलुक उघडणारा माणूस बाहेरचा ठरतो. आमच्याकडे अशी पॉलिसी होती, आधीच ती उघडून भारत त्यात घातला, पाच मिनिटांचं काम, राहिलं असतं तर सोमवार सगळ्यांनाच लक्षात राहिला असता.

नेटवर्क मायक्रोसॉफ्टचं वापरताय की स्वतःचं, यावर कामाचा बोजा ठरतो. मायक्रोसॉफ्ट होस्टेड नेटवर्क असेल तर रीजन निवडा आणि मोकळे व्हा. स्वतःचं अ‍ॅझ्युअर नेटवर्क कनेक्शन असेल तर व्हीनेट (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क) एका रीजनपुरतं असतं, जुनं ताणून पुण्यापर्यंत येत नाही, त्यामुळे नव्या रीजनमध्ये नवीन व्हीनेट, सबनेट, डीएनएस, फायरवॉलचे नियम, आणि हायब्रिड जॉइन (मशीन कंपनीच्या जुन्या डोमेनलाही जोडलेलं) असेल तर डोमेन कंट्रोलरपर्यंत म्हणजे त्या डोमेनच्या सर्व्हरपर्यंत रस्ता, हे सगळं आधी उभं करायचं आणि कनेक्शनचे हेल्थ चेक हिरवे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे करणाऱ्यांना मूव्हच्या बटनापेक्षा याचाच वेळ जास्त लागणार. बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिलही अशा वेळी तुमच्या अ‍ॅझ्युअर सबस्क्रिप्शनवर येतं. जीपीयूवाले (ग्राफिक्स चिप असलेले) क्लाउड पीसी असतील तर ते नव्या रीजनमध्ये मिळतात का ते आधी बघा, सगळीकडे नसतात.

जे अमेरिकेतच राहिले त्या टॅक्सवाल्यांसाठी काय केलं, तर यूडीपी. आरडीपी शॉर्टपाथ नावाची सोय आहे, तिच्यामुळे कनेक्शन टीसीपीऐवजी (हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत थांबणारी पद्धत) यूडीपीवरून (न थांबणारी) जातं, अंतर तेवढंच राहतं पण पॅकेट हरवल्यावर जे अडखळणं असतं ते कमी होतं. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ३४७८ अडवलेलं असेल तर ते गुपचूप टीसीपीवर जातं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. आमच्याकडे तेच चाललं होतं, आता उघडलंय, त्यांची तक्रार संपली नाही पण आवाज खाली आलाय.

आमच्याच ग्रुपमधली दुसरी कंपनी अ‍ॅझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरते, त्यांनीही याच सुमारास हलवाहलव केली म्हणून थोडी तुलना. तिथे असं एक बटन नाही. होस्ट पूल (मशीनचा गट), वर्कस्पेस वगैरेचं लोकेशन नंतर बदलता येत नाही, पण ते फक्त मेटाडेटाचं ठिकाण असतं, सेशन होस्ट म्हणजे खरी मशीन दुसऱ्या रीजनमध्ये असू शकतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच सगळं पाडून नव्याने बांधायला बसतात. त्यांनी गोल्डन इमेज (सगळं इन्स्टॉल केलेल्या मशीनचा साचा) कॉम्प्युट गॅलरीतून सेंट्रल इंडियात रेप्लिकेट केली, तिच्यावरून नवीन सेशन होस्ट बनवले, जुने ड्रेन मोडवर टाकले, म्हणजे तिथे नवीन लॉगिन बंद. खरं जड काम एफएसलॉजिक्सच्या प्रोफाइलचं (प्रत्येकाची सेटिंग आणि फाइल्स एका डिस्क फाइलमध्ये ठेवणारी सोय), त्या व्हीएचडीएक्स फाइल्स सेशन होस्टच्याच रीजनमध्ये हव्यात नाहीतर लॉगिनलाच युगं जातात, आणि माणूस लॉगिन असताना त्या नीट कॉपी होत नाहीत, म्हणून सगळे बाहेर पडल्यावर रात्री कॉपी. नव्या रीजनमधला व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) कोटा आधी मागून ठेवावा लागतो आणि काही दिवस दोन्हीकडची मशीन चालू राहिल्याने बिल दुप्पट दिसतं, फायनान्सला आधी सांगून ठेवलेलं बरं. मेहनत जास्त, पण आधी समांतर उभं करून मग माणसं हळूहळू इकडे आणता येतात, डेस्कटॉप काही तास बंद असा प्रकार नाही. तेवढ्या बाबतीत मला त्यांचा हेवा वाटला.

अ‍ॅमेझॉन वर्कस्पेसेसवाल्यांनी मायग्रेट या शब्दाला भुलू नये, तिथलं मायग्रेट एका बंडलवरून (इमेज आणि मशीनची ताकद यांचा संच) दुसऱ्या बंडलवर नेतं, रीजन तेच राहतं. रीजन बदलायचं तर कस्टम इमेज दुसऱ्या रीजनमध्ये कॉपी करून तिच्यावरून नवीन वर्कस्पेस बनवायचा, माणसाचा डी ड्राइव्ह त्याच्याबरोबर येत नाही, तो तुमचा तुम्ही आणायचा. शिवाय डायरेक्टरी नवीन म्हणून रजिस्ट्रेशन कोड नवीन, तो प्रत्येकाने आपल्या क्लायंटमध्ये टाकायचा.

काही जणांना वाटतं की मधला मार्ग म्हणून युरोप बरा, भारताला जवळ आणि अमेरिकेलाही जवळ. कागदावर बरोबर आहे. पण भारत ते युरोपचा बराच ट्रॅफिक लाल समुद्रातून जातो, ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाजवळ तिथल्या केबल तुटल्या तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की मिडल ईस्टमधून जाणारा ट्रॅफिक हळू होईल. माणसं पुण्यात आणि डेटा अमेरिकेत असताना डेस्कटॉप नेदरलँड्समध्ये ठेवून दोघांनाही लांब का करायचं मला तरी कळलेलं नाही.

ज्यांच्याकडे विंडोज ३६५ बिझनेस आहे त्यांनी वरचे मेनू शोधत बसू नका, त्या एडिशनमध्ये प्रोव्हिजनिंग पॉलिसीच नसते. आणि मूव्ह म्हणजे डिझास्टर रिकव्हरी नव्हे, एक रीजन बंद पडलं तर दुसरीकडे उभं राहायची सोय हवी असेल तर क्रॉस रीजन डिझास्टर रिकव्हरीचं अ‍ॅड-ऑन लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. जुन्या रीजनमधलं व्हीनेट, व्हीपीएन गेटवे वगैरे स्वतःचं काही असेल तर महिनाभर थांबून, कोणी वापरत नाही याची खात्री करून काढून टाका, गेटवेचं मीटर रिकामं असलं तरी फिरत राहतं.